ताम्र-पेप्टाइड आणि आपले ताम्र

‘वैद्यराज, हे तांब्याचे आहे, म्हणजे आपलेच ना? आयुर्वेदिक औषधांच्या फळीवर ठेवू का?’ असा प्रश्न आमच्या एका औषधविक्रेत्या स्नेह्यांनी निळसर द्रवाची बाटली पुढे करून विचारला. हाच प्रश्न आता रुग्णही विचारू लागले आहेत. म्हणून या द्रव्याची माहिती वैद्यबंधूंपुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

बाटलीवरील घटकांच्या यादीत ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-१’ असे नाव होते. ग्लायसीन, हिस्टिडीन व लायसीन या तीन अमिनो आम्लांची लहानशी शृंखला आणि तिने धरून ठेवलेले ताम्र, असे याचे स्वरूप आहे. अमेरिकेतील लोरेन पिकार्ट यांनी १९७३ मध्ये मानवी रक्तरसातील या शृंखलेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वेळी अभ्यास यकृताच्या पेशींचा होता, त्वचेचा नव्हे. रक्तरसातील तिचे प्रमाण विसाव्या वर्षी दर मिलिलिटरला सुमारे २०० नॅनोग्रॅम असते व साठीपर्यंत ते ८० पर्यंत उतरते, असे पिकार्ट यांच्या लेखनात नमूद आहे. पुढे १९८८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी संवर्धित तंतुपेशींवर प्रयोग करून, या संयुगामुळे कोलॅजेनची निर्मिती वाढते असे दाखविले. कोलॅजेनचे धागे परस्परांत घट्ट गुंफणाऱ्या एन्झाइमला ताम्र लागतेच. १९६२ मध्ये वर्णिलेल्या मेंकेस व्याधीत ताम्राचे वहन बिघडते व बालकाचे केस राठ, पिळलेले आणि तुटके होतात. तेव्हा त्वचा, केस व ताम्र यांचा संबंध काल्पनिक नाही.

परंतु काचपात्रातील पेशी निराळ्या आणि समोर बसलेला रुग्ण निराळा. चेहऱ्यावरील सुरकुत्यांविषयीचे प्रयोग झाले ते बहुतांशी थोड्या व्यक्तींवर. केसांच्या बाबतीत तर आधार आणखी विरळ आहे. ज्याचा वारंवार दाखला दिला जातो तो २००७ चा कोरियातील प्रयोग शरीराबाहेर ठेवलेल्या केशमूलांवर केलेला होता, आणि त्यातील शृंखलाही वेगळी, म्हणजे ग्लायसीनच्या जागी ॲलनीन असलेली होती. जाहिरातीत हा भेद कोणी सांगत नाही.

आता आपल्या ताम्राकडे वळू. व्रणरोपणासाठी ताम्राचा उपयोग आपल्याला नवा नाही. जात्यादि तैलात तुत्थ आहेच. पण तुत्थ लेखन कर्म करणारे, तीक्ष्ण द्रव्य आहे. तेथे त्याची मात्रा अल्प, साथीला इतर अनेक द्रव्ये व स्नेहाचा पाक असतो. अशुद्ध ताम्राचे वांती, भ्रांती इत्यादी आठ महादोष रसग्रंथांनी सांगितले, आणि भस्म दह्यावर ठेवून हिरवी-निळी छटा येते का हे पाहण्याची परीक्षा घालून दिली, ती उगीच नव्हे. पेप्टाइडने धरलेले ताम्र, तुत्थ व ताम्रभस्म या तीन स्वतंत्र वस्तू आहेत. एकीचे गुण दुसरीच्या नावावर मांडता येत नाहीत. एका तरुणाने कोठेतरी वाचून ताम्रभस्म खोबरेल तेलात खलून डोक्यास लावले होते. तो आमच्याकडे आला तेव्हा टाळूवर दाह, कंडू व पुळ्या होत्या. केस मात्र पूर्वीइतकेच गळत होते.

चूक आमच्याही हातून झाली आहे. प्रसूतीनंतर सात महिन्यांनी केशपतनाची तक्रार घेऊन आलेल्या एका भगिनीने असे सीरम वापरू का, असे विचारले. ‘वापरा, अपाय नाही,’ असे आम्ही सहज म्हणून गेलो. तीन महिन्यांनी ती पुन्हा आली ती जिना चढताना धाप लागते म्हणून. नेत्रांची पांडुता तेव्हा कोठे आमच्या दृष्टीस पडली, हिमोग्लोबिन ७.८ निघाले. पांडुरोगाची चिकित्सा सुरू झाल्यावर केसही हळूहळू सावरले. द्रव्य निरुपद्रवी होते, पण त्याच्या भरवशावर तीन महिने वाया गेले. हल्ली खालित्याच्या रुग्णाचा रजःस्राव, आहार, ज्वराचा इतिहास व रक्तपरीक्षण पाहिल्यावाचून आम्ही बाटलीविषयी बोलत नाही.

विक्रेत्यांसाठी कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार आयुर्वेदिक पेटंट औषधातही पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत आलेलीच द्रव्ये असावी लागतात. हे पेप्टाइड त्यांत नाही. म्हणून ते सौंदर्यप्रसाधन होय. टक्कल बरे करण्याचा दावा तर औषधालाही करता येत नाही, कारण ते अनुसूची ‘जे’ मध्ये समाविष्ट आहे.

ग्राहकाने मागितलेच तर घटकांच्या यादीत वरील नाव आहे का ते पाहावे. निळा रंग नुसत्या रंगद्रव्यानेही येतो. क जीवनसत्त्वाचे सीरम त्याच वेळी लावू नये, कारण ते ताम्राशी प्रतिक्रिया करते. उघड्या व्रणावर, विशेषतः मधुमेही रुग्णाच्या पायावर, हे प्रसाधन लावू देऊ नये. अशा रुग्णास थेट वैद्याकडे पाठवावे. विल्सन व्याधी, म्हणजे शरीरात ताम्र साचण्याचा विकार असलेल्यांनी हे टाळलेले बरे. आमच्या स्नेह्यांनी ती बाटली आता शाम्पू व क्रीमच्या फळीवर हलविली आहे, आणि कोणी ‘हे आयुर्वेदिक ना?’ असे विचारल्यास ते ‘नाही’ म्हणून सांगतात.