५जी कोअरमध्ये कोण कुठे आहे हे कळतं कसं? एनआरएफची ओळख

मोबाइलवर ५जीची खूण दिसली की आपलं लक्ष टॉवरकडे जातं. पण बराचसा कारभार टॉवरच्या मागे, ऑपरेटरच्या कोअर नेटवर्कमध्ये चालतो. तुमचं सिम खरं आहे का हे तपासणारा प्रोग्राम वेगळा, तुमचा पॅक आणि परवानग्या सांभाळणारा वेगळा, इंटरनेटचं सेशन जोडून देणारा वेगळा. यांना नेटवर्क फंक्शन म्हणतात. आता बघा, फोन आधी बोलतो एएमएफशी. एएमएफला सेशन जोडायला एसएमएफ हवा. तो कुठल्या आयपी पत्त्यावर बसलाय, हे एएमएफला सांगणार कोण?

४जीमध्ये या प्रश्नाचं उत्तर थोडं डीएनएसमध्ये होतं आणि बरंचसं इंजिनिअरने हाताने भरलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये. मशीन मोजकी होती आणि वर्षानुवर्षं एकाच पत्त्यावर असायची, त्यामुळे निभावून जायचं. ५जी कोअर मात्र कंटेनरमध्ये चालणारं सॉफ्टवेअर म्हणूनच डोळ्यासमोर ठेवलं गेलं. लोड वाढला की दोनाचे पाच एसएमएफ होतात, रात्री पुन्हा दोन. एखादा पडून परत उभा राहिला की पत्ता बदललेला. हाताने यादी ठेवणारा माणूस इथे वेडा होईल. म्हणून थ्रीजीपीपीच्या रिलीज १५ मध्ये, म्हणजे २०१८ च्या सुमारास, एनआरएफ हे स्वतंत्र फंक्शन आलं. पूर्ण नाव नेटवर्क रिपॉझिटरी फंक्शन.

याला बरेच जण टेलिफोन डिरेक्टरी म्हणतात. मला ती उपमा अर्धीच पटते. छापील डिरेक्टरीत गाव सोडून गेलेल्या माणसाचा नंबरही वर्षभर तसाच राहतो. एनआरएफला ते परवडत नाही.

नोंदणी अशी होते. एसएमएफ सुरू झाला की तो एनआरएफकडे एचटीटीपी-२ वरून पुट विनंती पाठवतो, सोबत जेसनमध्ये स्वतःची प्रोफाइल. त्यात एक युनिक आयडी, मी कुठल्या प्रकारचा आहे, पत्ता काय, कुठल्या सेवा देतो, कुठल्या स्लाइससाठी काम करतो, माझी क्षमता किती, प्राधान्य किती, असं सगळं असतं. एनआरएफ '२०१ क्रिएटेड' असं उत्तर देतो आणि सोबत सांगतो, दर इतक्या सेकंदांनी हजेरी लावत जा. हीच ती हार्टबीट. पुढे एसएमएफ ठरल्या वेळेला छोटी पॅच विनंती पाठवत राहतो आणि हवं तर त्यातच आपला सध्याचा लोडही कळवतो.

मग एएमएफची पाळी. तो गेट विनंतीत विचारतो, मी एएमएफ, मला अमुक स्लाइससाठी, अमुक डेटा नेटवर्कसाठी एसएमएफ हवाय. एनआरएफ जुळणाऱ्यांची यादी आणि ती किती वेळ ग्राह्य धरायची हे पाठवतो. इथे एक गैरसमज नेहमी दिसतो. एनआरएफ फक्त यादी देतो. त्यातला कोण घ्यायचा हे प्राधान्य, क्षमता, लोड बघून एएमएफच ठरवतो आणि पुढचं बोलणंही थेट एसएमएफशी करतो. तुमच्या व्हिडिओचा डेटा तर एनआरएफच्या आसपासही फिरकत नाही. (रिलीज १६ मध्ये एससीपी नावाचा मध्यस्थ आला. शोधाचं आणि निवडीचं काम त्याच्यावर सोपवता येतं, पण मागे एनआरएफ लागतोच.)

खरी गंमत फंक्शन मरतं तेव्हा असते. हे बघायला मी लॅपटॉपवर ओपन५जीएस हे ओपन सोर्स कोअर चालवलं, हार्टबीट १० सेकंदांची. एसएमएफ नीट बंद केला तर तो जाताना स्वतःच डिलीट विनंती पाठवतो, नाव लगेच निघतं. पण किल -९ दिलं की निरोप घ्यायला वेळच मिळत नाही. पुढची हजेरी चुकेपर्यंत एनआरएफच्या लेखी तो जिवंतच! या काही सेकंदांत आलेली विनंती मेलेल्या पत्त्यावर जाऊ शकते. एएमएफ शहाणा असेल तर यादीतला दुसरा एसएमएफ वापरून बघतो. नसेल तर ग्राहकाला सिग्नलच्या पूर्ण कांड्या दिसतात आणि नेट मात्र चालत नाही. हार्टबीट कमी सेकंदांची ठेवली तर मेलेला लवकर कळतो, पण शेकडो फंक्शनची सततची हजेरी घेता घेता एनआरएफच दमतो. म्हणून यादी घेतलेलं फंक्शन एनआरएफकडे सबस्क्राइबही करून ठेवू शकतं. कुणी आलं, गेलं किंवा बदललं की सूचना येते.

आणि एनआरएफच पडला तर? चालू सेशन लगेच तुटत नाहीत, आधी घेतलेल्या याद्यांवर काही काळ काम भागतं. पण नवीन फंक्शनला नोंदणी करता येत नाही आणि हळूहळू याद्यांची मुदत संपते. परत उठलेला एनआरएफ नोंदी विसरलेला असेल तर हजेरीला '४०४' मिळतो आणि सगळे एकदम नव्याने नोंदणीला धावतात. म्हणून एकट्या एनआरएफवर नेटवर्क चालवणं म्हणजे जुगार आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरक्षेचा मुद्दा याहून गंभीर. कुणी खोटा एसएमएफ नोंदवला तर खऱ्या ग्राहकांच्या विनंत्या त्याच्याकडे जातील. कुणी खऱ्याची नोंद उडवली तर सेवा बंद. म्हणून दोन्ही बाजूंची ओळख पटवणारं टीएलएस लागतं. शिवाय एनआरएफ ओऑथ-२ पद्धतीचं टोकनही देतो. कोण कुणाची कुठली सेवा वापरू शकतो हे त्यात लिहिलेलं असतं आणि ते नसेल तर समोरचं फंक्शन दार उघडत नाही. लॅबमध्ये हे बंद ठेवलं तर चालतं, खऱ्या नेटवर्कमध्ये नाही.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं तेव्हा जिओने स्टँडअलोन पद्धत घेतली, एअरटेलने नॉन-स्टँडअलोन. दुसऱ्या पद्धतीत रेडिओ ५जीचा असला तरी मागचा कोअर ४जीचाच असतो, म्हणजे तिथे फोनवर ५जी दिसत असतानाही एनआरएफचा संबंध येत नाही.

स्वतः करून बघायचं असेल तर ओपन५जीएसच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये एनआरएफ १२७.०.०.१० वर, पोर्ट ७७७७ ला असतो. कर्लने नोंदलेल्या फंक्शनची यादी मागवा. फक्त कर्लला पहिल्यापासून एचटीटीपी-२ मध्येच बोलायला सांगा, नाहीतर उत्तर यायचं नाही.