‘शहामृग’ : एक लोकव्युत्पत्ती

माधवनगरहून वर्गास येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मध्यंतरी विचारले, ‘शहामृग हा पक्षी; मग त्याच्या नावात मृग कसा?’ प्रश्न साधा, परंतु व्युत्पत्तिशास्त्राच्या एका मूलतत्त्वापाशी नेणारा आहे.

‘शहामृग’ हे फारसी ‘शुतुरमुर्ग’ या सामासिक शब्दाचे मराठी रूपांतर होय. ‘शुतुर’ म्हणजे उंट व ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. लांब मान आणि उंच पाय पाहता हे नाव यथार्थच आहे. मराठीस ‘शुतुर’ अगदीच अपरिचित नव्हता. उंटावरून डागावयाच्या लहान तोफेस ‘सुतरनाळ’ म्हणत. तथापि सामान्य भाषकास त्याचा बोध होत नसावा. म्हणून त्या जागी ओळखीचा ‘शहा’ आला आणि ‘मुर्ग’चा ‘मृग’ झाला.

अशा प्रक्रियेस फर्स्टेमान या जर्मन पंडिताने १८५२ मध्ये ‘लोकव्युत्पत्ती’ असे नाव दिले. जमीन पोखरून मातीचे ढीग वर टाकणाऱ्या एका प्राण्यास जर्मन भाषेत ‘मौलवुर्फ’ म्हणतात. पूर्वी त्याचे नाव ‘मोल्टवेर्फ’, म्हणजे ‘माती फेकणारा’, असे होते. ‘मोल्ट’ हा मातीवाचक शब्द लोपला आणि त्याची जागा ‘मौल’ म्हणजे ‘तोंड’ या शब्दाने घेतली.

आपल्या शब्दाची कथा मात्र येथे संपत नाही. ‘मृग’ आणि ‘मुर्ग’ हे खरोखरच सगोत्र आहेत. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मूलतः कोणताही वन्य पशू. ‘मृगेंद्र’, ‘मृगया’, ‘शाखामृग’ हे शब्द त्याची साक्ष देतात. अवेस्तेत त्याच शब्दाचा अर्थ पक्षी असा झाला. संस्कृत ‘ऋ’च्या जागी फारसीत येथे ‘उर्’ येतो. ‘मृत’ व ‘मुर्दा’ ही जोडी तेच दाखविते. ‘शुतुर’ही संस्कृत ‘उष्ट्रा’चाच सगोत्र असून ‘उश्तुर’ हे फारसी रूप मधला दुवा आहे. म्हणजे ‘शुतुरमुर्ग’ पदशः ‘उष्ट्रमृग’ ठरतो.

म्हणून लोकव्युत्पत्तीने उत्तरपदी साधलेले ऐक्य केवळ योगायोगाचे होय. पूर्वपदी तिने ‘शहा’ बसविला, त्याचा उंटाशी काडीमात्र संबंध नाही. आणि जो ‘उष्ट्र’ खरा आप्त, त्याचे ‘शुतुर’शी साम्य सहजी ध्यानात येत नाही. सारांश, रूपसाम्य हे आप्तत्वाचे प्रमाण नव्हे. प्रमाण ते नियमित ध्वनिसंवादाचे. विद्यार्थ्यांनी कोणतीही व्युत्पत्ती स्वीकारण्यापूर्वी, ती कितीही सुंदर वाटली तरी, हा निकष लावून पाहावा.