संडासाची टाकी भरली, हे कसे ओळखाल?

घरामागे जमिनीत संडासाची टाकी असते. तिला सेप्टिक टँक म्हणतात. जड मैला तळाशी बसतो व हळूहळू कुजतो. पाणी पुढे शोषखड्ड्यात जाऊन जिरते. पण सगळाच मैला कुजत नाही. गाळ उरतो, आणि तो वाढत जातो.

टाकी भरत आली की खुणा दिसतात. ओतलेले पाणी भांड्यात रेंगाळते. बुडबुड आवाज येतो. अंगणात घाण सुटते. भर उन्हाळ्यात शोषखड्ड्याजवळची जमीन ओली राहते, गवत तिथेच हिरवेगार दिसते. पावसाळ्यात या खुणेवर जाऊ नका. तेव्हा सगळीकडेच ओल! जवळ विहीर असेल तर पाणी तपासून घ्या. तोवर उकळून प्या.

“मी उतरून बघतो,” असे घरातले कुणी म्हणेल. उतरू देऊ नका. आत विषारी वायू असतो. माणूस बघता बघता बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. मजुरालाही उतरवू नका. साधनांवाचून त्याला आत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मैला ओढणारी गाडी बोलवा. दर २–३ वर्षांनी टाकी उपसून घ्यावी. झाकण कुठे आहे ते आधी शोधून ठेवा. पुष्कळ घरांत त्यावर फरशी घातलेली असते!