गाडीवरचे पांढरे ठिपके: पाणी उडतं, चुना उरतो

एपिसोडमध्ये कठीण पाण्याचं रसायनशास्त्र आपण दोन वाक्यांत उरकलं. इथे जरा निवांत बघू, कारण त्यावरून थेट घरासमोरच्या गाडीपर्यंत जाता येतं.

उन्हाळ्यातला शनिवार, काळी किंवा गडद निळी गाडी, बादली, शाम्पू, पाइप. तासभर घासून धुतल्यावर चहा घेऊन बाहेर यावं, तर बॉनेटभर पांढरे गोल ठिपके. आपल्याला वाटतं, नीट धुतली गेली नाही. म्हणून परत पाणी मारायचं, आणि ठिपके आणखी वाढतात. वाढणारच, कारण ते मळाचे नाहीत. ते नळाच्या पाण्यातूनच आलेत.

इंग्लंडच्या आग्नेय भागाखाली खडूच्या दगडाचे जाड थर आहेत. डोव्हरचे पांढरे कडे ज्याचे आहेत तोच दगड. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड उचलतं, किंचित आंबट होतं आणि या थरांतून झिरपताना दगड विरघळवत जातं. म्हणून लंडनच्या बऱ्याच भागांत नळाच्या लिटरभर पाण्यात साधारण २५० ते ३०० मिलीग्रॅम चुनखडी असते. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला ‘दुष्फेन’ पाणी म्हणायचे, म्हणजे ज्यात धड फेस होत नाही ते. मँचेस्टरला १८९४ पासून लेक डिस्ट्रिक्टमधल्या थर्लमिअरचं आणि ग्लासगोला १८५९ पासून लॉख कॅट्रिनचं पाणी येतं. तिथला खडक सहज विरघळत नाही, त्यामुळे पाणी मऊ. तिथल्या मित्राला हा त्रास माहीतच नसतो आणि तो म्हणतो, ‘मी तर काहीच करत नाही!’ त्याचं ऐकू नका. पुण्यात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीतल्या मावशीला मात्र विचारा, तिला गीझर आणि बाथरूमच्या टाइल्सवरून सगळं ठाऊक असतं.

आता हिशोब. धुतल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी राहिलं असं धरू. ते सुकलं की मागे ७० मिलीग्रॅमच्या आसपास चुना उरतो. चिमूटभरसुद्धा नाही, पण तो शेकडो थेंबांत वाटला जातो, आणि प्रत्येक थेंबात तो काठाला गोळा होतो. सांडलेल्या कॉफीचा डाग कडेलाच गडद का असतो, याचं उत्तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दिलं. थेंबाचा काठ जागेवर चिकटून राहतो, तिथून पाणी जास्त वेगाने उडतं, आणि ती तूट भरायला मधलं पाणी आपल्याबरोबरचा ऐवज घेऊन काठाकडे वाहतं. गाडीवरच्या कड्या साधारण तशाच तयार होतात.

(थेंब भिंगासारखं ऊन एकवटून रंग जाळतो, ही गोष्ट काकालोकांची आवडती आहे. पण रंगावर बसलेल्या चपट्या थेंबाचा केंद्रबिंदू रंगाच्या बराच खाली पडतो. उन्हाचा खरा गुन्हा साधा आहे: पत्रा तापतो आणि पाणी पटकन सुकतं.)

म्हणजे मार्ग दोनच. पाणी सुकायच्या आत काढून घ्या, नाहीतर शेवटचं पाणी असं वापरा ज्यात काहीच नाही.

पहिल्या मार्गात शाम्पूच्या ब्रँडपेक्षा वेळेला महत्त्व. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत, पत्रा हाताला गार लागल्यावरच सुरुवात करा. चाकं आधी धुवा. ती शेवटी ठेवली तर ती घासेपर्यंत वरचं अंग सुकतं. मग टपापासून खाली, एका वेळी एकच भाग: धुवायचा, खळबळायचा, पुढे जायचं. आधीचा भाग अधूनमधून ओला करत राहा. भांड्यांचा साबण नको, तो गाडीवरचं मेण काढून टाकतो.

शेवटी पाइपचा फवारा काढून टाका आणि उघड्या तोंडाने पाणी टपावरून हळू सोडा. फवाऱ्याने हजार थेंब बसतात. सलग वाहणारं पाणी मात्र चादरीसारखं घसरतं आणि बरंचसं पाणी स्वतःबरोबर घेऊन जातं. मग मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून ठेवायचा आणि अलगद ओढायचा, घासायचा नाही. आरसे, दारांच्या मुठी, नंबरप्लेट, डिकीची फट इथे पाणी दडून बसतं आणि दहा मिनिटांनी ओघळतं, म्हणून दारं उघडून कडा पुसा आणि एक फेरी पुन्हा मारा. टॉवेल धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, नाहीतर तो पाणी शोषेनासा होतो.

दुसरा मार्ग तुम्ही रस्त्यावर पाहिला असेल. इथले खिडक्या धुणारे व्हॅनमध्ये टाकी आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन येतात, काच धुतात आणि न पुसता निघून जातात. तरी डाग नाही, कारण त्यांच्या पाण्यातले क्षार आधीच काढलेले असतात. तसं डीआयोनाइज्ड पाणी कॅनमध्ये मिळतं. शेवटच्या खळबळीपुरतं हातपंपाच्या फवारणीतून पाच-सात लिटर मारलं तर छोट्या गाडीला पुरतं, मात्र कडेकपारीतलं नळाचं पाणीही त्याने हाकलून लावा. घरात कंडेन्सर ड्रायर असेल तर त्याच्या टाकीतलं पाणी वाफेचंच असतं. कपड्यांचे तंतू गाळून घेतले की काम झालं, तेही फुकट.

वॉटर सॉफ्टनरबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. तो कॅल्शियम काढतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. पाण्यातला एकूण ऐवज जवळपास तेवढाच राहतो, म्हणून ठिपके पडतातच. फक्त ते पाण्याने सहज पुसले जातात. शिवाय बागेतला नळ बऱ्याच घरांत सॉफ्टनरला जोडलेलाच नसतो, हे आधी तपासा.

पडलेले ठिपके आठवडेच्या आठवडे तसेच ठेवू नका. रंगावरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ. उन्हात परत परत तापून ठिपका त्यात रुतला की मग पॉलिश करून तो थरच थोडा झिजवावा लागतो. गाडी लीझवर असेल तर परत देताना रंग तपासतात, तेव्हा हा खर्च अंगावर येऊ शकतो. ताज्या ठिपक्यांना पांढरं व्हिनेगर आणि डीआयोनाइज्ड पाणी निम्मं-निम्मं. आधी कुठल्यातरी कोपऱ्यावर करून बघा, गार पत्र्यावर मिनिटभर ठेवा, सुकू न देता भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच पुसा. आम्ल चुन्याला विरघळवतं, केटलमध्ये करतो तेच. यानंतर मेणाचा हात पुन्हा द्यावा लागतो.

आणि पाइपवर बंदी आली तर? २०२२ च्या ऑगस्टमध्ये लंडन परिसरात ती लागली होती. अशा बंदीत पाइपने खासगी गाडी धुणं बेकायदा, पण बादलीला मुभा असते. तेव्हा ‘रिन्सलेस’ द्रव घ्या: बादलीभर पाण्यात थोडंसं, ओल्या फडक्याने एक भाग पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. खळबळायचं नसतंच, त्यामुळे सुकायला पाणीही फारसं उरत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना तर बंदी नसतानाही हेच सोयीचं. फक्त चिखलाने माखलेल्या गाडीवर हे करू नका, वाळूचे कण फडक्याखाली येऊन ओरखडे पाडतात.