तिसऱ्या घंटेआधीचा चेहरा

निवृत्तीनंतर कपाटातला कॅमेरा पुन्हा बाहेर निघाला, की पावलं बहुधा पक्ष्यांकडे किंवा गडकिल्ल्यांकडे वळतात. ज्यांना नाटकाची गोडी आहे, त्यांनी ती रंगपटाकडे वळवावीत, असं माझं आग्रहाचं मत आहे. रंगमंचावरच्या कलावंताच्या व्यक्तिचित्राला लेन्सपेक्षा वेळ महाग पडतो. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला एका प्रयोगात काम उरकावं लागतं आणि जाहिरातीचे फोटो एका बैठकीत होतात. पण नट कुठल्या वाक्याआधी श्वास रोखतो, हे तेच नाटक पुन्हापुन्हा पाहिल्याशिवाय कळत नाही. कॅमेऱ्याचा विसर पडावा इतकी नटाला आपली सवय व्हायलाही दिवस जावे लागतात. असे दिवस नोकरी संपलेल्या माणसाकडेच असतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. कोलोडियनच्या काचेचं तंत्र १८५१ साली आलं आणि युरोप-अमेरिकेत नटनट्यांच्या छायाचित्रांचा बाजार उभा राहिला. न्यूयॉर्कच्या नेपोलियन सारोनीने १८८२ साली ऑस्कर वाइल्डची छायाचित्रं काढली. त्यांतल्या एकावरून झालेल्या खटल्यात, मांडणी आणि प्रकाश छायाचित्रकाराने योजलेले असल्याने ही त्याचीच निर्मिती ठरते, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ साली दिला. आपल्याकडे संगीत नाटकांच्या काळात नट रंगवलेल्या पडद्यापुढे उभे राहिले आणि बालगंधर्वांची स्त्रीवेशातली रूपं घरोघरी पोचली.

पण या साऱ्यात पॅरिसचा छायाचित्रकार नादार याच्यापाशी अधिक थांबायला हवं. मूकनट शार्ल द्यब्युरो याची पिएरो या विदूषकी पात्राच्या वेशातली मालिका त्याने भाऊ आद्रियांसह १८५४-५५च्या सुमारास केली. पांढरा चेहरा, पांढरा झगा आणि काही सेकंद स्थिर राहण्याची सक्ती. हालचाल हेच ज्याचं भांडवल, त्याला गोठवून उभं करायचं होतं, आणि तरीही त्या चित्रांत अभिनय दिसतो. पुढे, १८६४च्या सुमारास, नादारने विशीतली नटी सारा बर्नहार्ट हिला साध्या वस्त्रात गुंडाळून, कुठल्याही भूमिकेविना टिपलं. भूमिका आणि माणूस ही व्यक्तिचित्राची दोन टोकं त्याने अशी दाखवून दिली. हाच नादार, पॅरिसचा स्टुडिओ मुलगा पॉलच्या हाती गेल्यावर, १८९७ साली, सत्याहत्तराव्या वर्षी, मार्सेयला नवा स्टुडिओ थाटून बसला.

या दोन टोकांच्या मधली जागा म्हणजे रंगपट. पहिल्या आणि तिसऱ्या घंटेच्या मधल्या वेळात चेहरा अर्धा नटाचा आणि अर्धा पात्राचा असतो. कोकणातल्या दशावतारात हे फार स्पष्ट दिसतं, कारण तिथे नट छोटा आरसा पुढ्यात घेऊन आपला चेहरा स्वतःच रंगवतो. इथे तांत्रिक जाणही लागते. मंचावर मागे काळोख असल्यामुळे कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि पांढरा रंग लावलेला चेहरा जळून जातो. म्हणून मोजणी चेहऱ्यावरच करावी, आणि चौकट चेहऱ्यानेच भरली तर मीटर सांगेल त्याहून एखादा स्टॉप जास्त द्यावा, नाहीतर पांढरा रंग करडा होतो. साध्या ट्यूबलाइटचा उजेड आपल्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लवलवतो, तेव्हा शटर १/१०० किंवा १/५० ठेवलेलं बरं. रंगभूषा लांबच्या प्रेक्षकासाठी केलेली असते, ती जवळून भडक दिसणारच. तो भडकपणा झाकू नये. भुवईची जाड रेघ, गालावर घामाने फुटलेला रंग, पगडी काढल्यावर कपाळावर उरलेला वळ, या खुणांत त्या कलावंताची सारी मेहनत असते.

यावर आक्षेप येतील. म्हातारपणी हात थरथरतो, नजर मंदावते. खरं आहे, पण आजचे कॅमेरे डोळा ओळखून फोकस धरतात, थरथर सावरतात आणि आयएसओ ३२००लाही उत्तम चित्र देतात. शरीराची उणीव यंत्र भरून काढतं, पण त्या नाटकाची ओळख यंत्राकडे नसते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पेन्शनवर जगणारा माणूस फुकट फोटो देऊन तरुण व्यावसायिकांच्या पोटावर पाय आणेल. म्हणून मर्यादा पाळावी. जाहिरात, पोस्टर, प्रसिद्धी ही पैशाची कामं त्यांनाच सोडावीत आणि आपण कोणी पैसे देत नाही तिथे जावं, म्हणजे दशावताराच्या जत्रेत, तमाशाच्या राहुटीत, हौशी संघाच्या तालमीत. तिसरा आक्षेप असा, की निवृत्त माणूस फक्त मावळत्या गोष्टी टिपत बसेल. हा धोका खरा आहे. तो टाळायचा तर उतारवयातल्या कलावंताइतकाच वेळ पहिल्याच प्रयोगाला उभ्या राहणाऱ्या मुलीलाही द्यायला हवा.

दिल्लीचे छायाचित्रकार अविनाश पसरिचा १९९७ साली ‘स्पॅन’ मासिकातून निवृत्त झाले आणि नर्तक-गायकांची छायाचित्रं काढत राहिले. अशा कामाचं मोल एकेका चित्रापेक्षा सातत्यात असतं. एकाच कलावंताचे वर्षानुवर्षांचे चेहरे जवळ असले, तर त्याची कला कशी पिकत गेली हे पुढच्या अभ्यासकाला कळेल. त्यासाठी प्रत्येक चित्रामागे नाव, नाटक, गाव आणि तारीख लिहावी, कलावंताची परवानगी घ्यावी आणि एक छापील प्रत त्याच्या हाती ठेवावी. एवढी शिस्त पाळली, तर निवृत्तीतला हा छंद रंगभूमीचा दस्तऐवज होईल.