लिथियमचा परतीचा प्रवास

'लिथियमची बॅटरी' हा शब्दप्रयोग आता घरोघरी रुळला आहे. मात्र मोबाईलच्या बॅटरीत लिथियम धातुरूपात नसते, तिथे लिथियमचे आयन ये-जा करतात, हे सांगितले की माझे विद्यार्थी चकित होतात. धातूची खरीखुरी चकती असते ती रिमोट किंवा वजनकाट्यातल्या नाण्याएवढ्या सेलमध्ये. तो सेल वर्षानुवर्षे टिकतो, पण पुन्हा चार्ज करता येत नाही. हा फरक का, ते येथे सांगतो.

लिथियम हा सर्वांत हलका धातू. एका घनसेंटिमीटरचे वजन अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक. त्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ३८६० मिलिअँपिअर-तास विद्युतभार साठू शकतो. मोबाईलच्या बॅटरीत ऋण बाजूला वापरतात त्या ग्राफाइटची क्षमता ३७२ आहे. म्हणजे फरक दहापटींचा. अर्थात संपूर्ण बॅटरी दहापट हलकी होत नाही, कारण धन बाजू, द्रव आणि वेष्टन यांचे वजन कायम राहते. तरीही विजेवर चालणाऱ्या वाहनासाठी हा मोह मोठा आहे.

सेल वापरताना लिथियमचे अणू इलेक्ट्रॉन सोडतात आणि आयन होऊन धन बाजूकडे जातात. हा प्रवास सुरळीत होतो. अडचण परतीची आहे. ग्राफाइटच्या थरांमध्ये प्रत्येक सहा कार्बन अणूंमागे एका लिथियमला ठरलेली जागा असते. धातूच्या पृष्ठभागावर अशी जागा नसते. जिथे थोडा उंचवटा असेल, तिथे विद्युतक्षेत्र तीव्र असते. आयन तिथेच अधिक जमतात आणि उंचवटा आणखी वाढतो. त्यातून फांद्या फुटलेले स्फटिक तयार होतात. त्यांना डेंड्राइट म्हणतात. ग्रीक 'डेंड्रॉन' म्हणजे झाड. संस्कृतातले 'द्रु', 'दारु' आणि आपला 'देवदार' याच कुळातले शब्द. म्हणून वर्गात मी 'द्रुमस्फटिक' असा शब्द वापरतो. चित्र लगेच डोळ्यांपुढे उभे राहते.

असा द्रुमस्फटिक दोन बाजूंमधला पातळ पडदा भेदून पलीकडे पोहोचला, की सेल आतल्या आत शॉर्ट होतो. द्रव ज्वलनशील असल्याने आग लागू शकते. १९७०च्या दशकात एक्सॉन कंपनीत स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियम धातूची पुनर्भरणक्षम बॅटरी तयार केली, तेव्हा हाच धोका आडवा आला. कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीने असे सेल बाजारात आणले. पण जपानमध्ये फोनला आग लागल्यानंतर १९८९ साली ते परत मागवावे लागले. १९९१ साली सोनीने धातूऐवजी कार्बन वापरलेली लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली आणि तीच रूढ झाली. २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळाले, ते याच वाटचालीसाठी.

आग टळली तरी दुसरी अडचण उरते. लिथियमचा द्रवाशी संयोग होऊन त्यावर पातळ थर बसतो. धातू कमी-जास्त होताना तो थर फाटतो, उघड्या पडलेल्या धातूवर नवा थर बसतो, आणि दरवेळी थोडे लिथियम खर्ची पडते. प्रत्येक फेरीत ९९ टक्के लिथियम परत मिळाले, तर शंभर फेऱ्यांनंतर जेमतेम ३७ टक्के उरते. पाचशे फेऱ्यांनंतर ८० टक्के उरायला हवे असेल, तर प्रत्येक फेरीत ९९.९५ टक्क्यांहून अधिक लिथियम परत यावे लागते. परीक्षेत ९९ गुण म्हणजे कौतुक. येथे तेवढे पुरत नाहीत.

द्रवाऐवजी घन पदार्थ वापरणे हा एक उपाय. पॅरिसमध्ये २०११ साली सुरू झालेल्या ऑटोलिब सेवेच्या मोटारींत लिथियम धातू आणि घन पॉलिमर यांची बॅटरी होती. मात्र ती गरम ठेवावी लागे. सिरॅमिक कठीण असते, पण त्यातल्या सूक्ष्म भेगांतूनही लिथियम वाट काढते. शिवाय धातू आक्रसला की दोन घन पदार्थांमधला स्पर्श सुटतो.

म्हणून 'बॅटरीत क्रांती' अशी बातमी आली, की विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत असे मी सांगतो. किती फेऱ्यांनंतर किती क्षमता उरली? कोणत्या तापमानाला? चार्ज व्हायला किती वेळ लागला? विज्ञानाच्या बातम्या मराठीत आणणाऱ्या लेखकांनीही आकड्यांआधी या प्रश्नांची उत्तरे शोधावीत. बातमीत ती नसतील, तर तसे वाचकाला स्पष्ट सांगावे.