यंत्र सारथी, मग दोषी कोण?

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टेम्पी शहरी, सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला उबर कंपनीच्या स्वयंचलित मोटारीने धडक दिली व तीत तिचा अंत झाला. चाचणीसाठी धावणाऱ्या त्या मोटारीत देखरेखीस एक चालक होती. परंतु मोटार हाकीत होते ते यंत्र. २०१९ साली सरकारी वकिलांनी कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही, असा निर्वाळा दिला. चालक स्त्रीवर मात्र खटला झाला आणि २०२३ मध्ये गुन्हा कबूल करून ती मोकळी झाली नाही. तीन वर्षांची परिवीक्षा तिच्या वाट्याला आली.

ती निर्दोष होती, असे आम्ही म्हणत नाही. तिची नजर रस्त्यावर नव्हती, हे चौकशीत निष्पन्न झाले. परंतु त्याच चौकशीत आणखीही काही उघड झाले. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्राला पुढे काहीतरी असल्याची चाहूल लागली होती. तथापि ठरावीक जागा सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, हा विचारच त्याच्या रचनेत नव्हता. मोटारीचा मूळचा आपत्कालीन ब्रेकही बंद ठेवलेला होता. हे निर्णय चालकाचे खचितच नव्हते. ते कंपनीच्या कचेरीत झाले होते.

नोकर-चालकाच्या चुकीची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व जुने आहे. मग यंत्र हाच चालक झाल्यावर त्याच्या निर्मात्याने नामानिराळे का राहावे? ब्रिटनने २०२४ च्या कायद्याने याचे उत्तर दिले आहे. मान्यताप्राप्त मोटार स्वतः चालत असताना चालविण्यात दोष घडला, तर त्याबद्दल आत बसलेल्यावर खटला नाही. जबाब द्यावयाचा तो मान्यता घेणाऱ्या संस्थेने.

अशाने संशोधन खुंटेल, अशी हाकाटी होते. आम्हांस ती पटत नाही. नफा कंपनीचा आणि जोखीम पादचाऱ्याची, हा न्याय नव्हे.

आपल्याकडे आपोआप ब्रेक लावणाऱ्या मोटारी विकल्या जात आहेतच. पुढचे पाऊल दूर नाही. जेथे माणसे वाटेल तेथून रस्ता ओलांडतात आणि गुरे रस्त्यावरच बसतात, तेथे टेम्पीचा धडा दुप्पट लागू आहे. मोटार येण्यापूर्वी कायदा यावा. बळी गेल्यावर नव्हे.